मदत हवी आहे: चेलोच्या पदवीसाठी कॉलेज निवडायचं कसं? माहिती कुठे शोधावी?

नमस्कार मंडळी,

मुलगी १७ वर्षांची आहे, ८ वर्षं चेलो (व्हायोलिनसारखंच, पण मोठं, गजानं वाजवायचं तंतुवाद्य) शिकते आहे. पदवीसाठी अमेरिका किंवा ब्रिटनमध्ये अर्ज करायचे ठरतंय. आमच्या घरात या वाटेनं कोणीच गेलेलं नाही, त्यामुळे विचारायला माणूस नाही. शाळेतल्या समुपदेशकांनी पहिल्या दहा नामांकित संस्थांची यादी हातात दिली आणि विषय तिथेच संपला. ती यादी पियानोवाल्यांना, गाणाऱ्यांना आणि आमच्या मुलीला सारखीच कशी लागू पडेल, हे मला अजून कळलेलं नाही.

आतापर्यंत मी जे शोधलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला पुन्हा लिहावं लागणार नाही. अमेरिकेत 'नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल्स ऑफ म्युझिक' ही १९२४ पासूनची मान्यता देणारी संस्था आहे. तिच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त कॉलेजं आणि त्यांच्या पदव्या पाहता येतात. बॅचलर ऑफ म्युझिकमध्ये साधारण दोन तृतीयांश अभ्यास संगीताचा असतो आणि बीएमध्ये तो निम्म्याहून कमी असतो, हा फरक मला तिथेच पहिल्यांदा समजला. ब्रिटनमध्ये बहुतेक कॉन्झर्व्हेटॉयरचे, म्हणजे संगीत-नाट्य शिकवणाऱ्या खास संस्थांचे, अर्ज 'यूकॅस कॉन्झर्व्हेटॉयर्स' या सामाईक अर्जसेवेतून जातात आणि संगीताची मुदत ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच संपते. लंडनच्या गिल्डहॉलसारख्या संस्थेला मात्र थेट अर्ज करावा लागतो. अमेरिकेत अनेक ठिकाणी १ डिसेंबर ही तारीख दिसली. आधी रेकॉर्डिंग पाठवायचं, त्यातून निवड झाली तर पुढे प्रत्यक्ष ऑडिशन. अमेरिकेतल्या कर्टिस या संगीत संस्थेत १९२८ पासून कोणाकडूनच शिक्षण शुल्क घेत नाहीत हे वाचून आम्ही दोघं हरखलो होतो, पण तिथे जागा किती मोजक्या असतात तेही लगेच दिसलं.

अडलंय ते इथे. एकतर शिक्षक कसा शोधायचा? चार वर्षं दर आठवड्याला ज्यांच्यासमोर एकटीनं बसायचं ती व्यक्ती कशी आहे, हे संकेतस्थळावरच्या परिचयातून कळत नाही. आणि दुसरं, मुलीला जीवशास्त्रही सोडवत नाही. दोन्ही जमणारी ठिकाणं कुठे शोधू? रेकॉर्डिंगबद्दलही कोणी अनुभवाचं सांगितलं तर फार बरं होईल.

प्रतिसाद १

ताई, तुम्ही नेमका प्रश्न विचारलात. मी स्वतः व्हायोलिन घेऊन हे सगळं केलंय. कॉलेजच्या नावापासून सुरुवात करू नका, शिक्षकापासून करा. मुलीला ज्यांचं वादन आवडतं त्या तरुण वादकांचे परिचय वाचा. ते कोणाकडे शिकले हे त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. तीच तीच दोन-तीन नावं पुन्हा दिसू लागतील. उन्हाळी शिबिरांमध्ये कोण शिकवतं तेही बघा. तिथे ते शिक्षक आठवडाभर जवळून पाहता येतात.

मग मुलीनं स्वतः ईमेल लिहायचा, तुम्ही नाही. चार ओळी पुरेत: काय वाजवते, कोणत्या वर्षी अर्ज करणार, रेकॉर्डिंगचा दुवा आणि एक चाचणी धडा मिळेल का ही विनंती. ऑनलाइन धडासुद्धा चालतो. त्या वर्षी त्यांच्याकडे जागा रिकाम्या होणार आहेत का, हे नक्की विचारा. शिक्षक रजेवर किंवा निवृत्त होणार असतील तर उत्तम वाजवूनही उपयोग नसतो, आणि हे कुठल्याही माहितीपत्रकात छापत नाहीत.

रेकॉर्डिंगसाठी: एक रचना सलग एका दमात, मध्ये काटछाट नाही. चेहरा, दोन्ही हात आणि पूर्ण गज दिसायला हवा. फोनपेक्षा वेगळा माइक घ्या, कॅमेरा साधा चालेल. चेलोसाठी बहुतेक ठिकाणी बाख या संगीतकाराच्या सुइटमधले (अनेक छोट्या भागांची रचना) दोन भाग आणि एखाद्या कन्चेर्तोचा (एकल वाद्य आणि वाद्यवृंदाची रचना) भाग मागतात, पण कोणते हे प्रत्येक संस्था वेगळं ठरवते. सगळ्यांच्या मागण्या एका तक्त्यात मांडा आणि ज्या रचना जास्तीत जास्त ठिकाणी चालतात त्याच निवडा. नाहीतर शेवटचे दोन महिने सहा रचनांमागे धावण्यात जातात.

प्रतिसाद २

माझा मुलगा दुहेरी पदवी करतोय, म्हणून फक्त तेवढंच लिहिते. अमेरिकेतल्या ओबरलिन कॉलेजमध्ये पाच वर्षांत बीए आणि बॅचलर ऑफ म्युझिक दोन्ही होतात. ईस्टमन आणि रॉचेस्टर विद्यापीठ, पीबॉडी आणि जॉन्स हॉपकिन्स, न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरी आणि टफ्ट्स या संगीत संस्था आणि विद्यापीठांच्या जोड्याही पाहा. दोन्हीकडे वेगवेगळा प्रवेश मिळवावा लागतो, एकीकडची निवड दुसरीकडे कामी येत नाही. जीवशास्त्र असेल तर प्रयोगशाळेची आणि वाद्यवृंदाच्या तालमीची वेळ टकरावते का, हे सध्या तिथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाच विचारा. प्रवेश कार्यालयाला सांगितलंत तर ते अशा विद्यार्थ्याशी गाठ घालून देतात, आम्हाला दिली होती.

धागाकर्ती

दोघींचेही मनापासून आभार. तक्ता आज रात्रीच सुरू करते. ईमेल तिनंच लिहायचा हे वाचून ती आधी घाबरली, मग आपणहून कागद घेऊन बसली. एकच विचारायचं राहिलं: चाचणी धड्याला तिनं पूर्ण बसलेली रचना वाजवावी की अर्धवट असलेली?

प्रतिसाद १

दोन्ही न्याव्यात. बसलेली रचना आधी वाजवू दे, म्हणजे हात मोकळा होईल. पण वेळ अर्धवट रचनेवर घालवा. शिक्षक अडलेली जागा कशी सोडवतात, ते तिथेच दिसतं. आणि धडा संपल्यावर तिला लगेच काही विचारू नका. दुसऱ्या दिवशी ती त्यांनी सांगितलेलं स्वतःहून करून बघते का, ते पाहा.