सेमिनरीच्या भिंतीवर देणगीदाराचं नाव कशाला हवं?

मंडळीतला: सरळच विचारतो. सेमिनरीत चर्चचे पाळक (धर्मगुरू) घडतात, तिथे प्रत्येक वर्गाच्या दारावर, ग्रंथालयावर, चॅपलच्या (प्रार्थनागृहाच्या) बाकांवर सुद्धा देणगीदारांच्या पाट्या का? "तुझा उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये" हे बायबलमधल्या मत्तयच्या ६व्या अध्यायात आहे आणि तेच वचन आपण पाटी लावलेल्या खोलीत बसून शिकवतो. मला देणाऱ्यांबद्दल राग नाहीये, त्यांच्या जिवावरच हे चालतं. काळजी आहे ती शिकणाऱ्यांची. तीन-चार वर्षं त्या पोराने रोज बघितलं की मोठी रक्कम दिली की मोठं नाव लागतं, आणि उद्या तो पाळक झाल्यावर सगळ्यात जास्त दशांश (मिळकतीचा दहावा भाग चर्चला) देणारा माणूस कमिटीत समोर बसला की त्याच्यासमोर आमोसावर, म्हणजे श्रीमंतांना खडसावणाऱ्या संदेष्ट्यावर, उपदेश करायचं धाडस त्याच्यात कुठून येणार? बायबलमध्ये याकोबाच्या पत्रात, अध्याय २ मध्ये, सोन्याची अंगठीवाल्याला चांगली जागा देऊ नका म्हटलंय ते याच्यासाठीच. पैसे घ्या, आभार माना, पाटी लावू नका.

हिशेबी: दादा, भावना पटते पण सेमिनरी चालते कशी ते पण बघा ना. फीमधून खर्च भागत नाही, जवळपास कुठेच नाही. फी वाढवली तर विद्यार्थी कर्ज काढणार आणि पाळकाच्या पगारात ते कर्ज फिटता फिटत नाही, मग तो सेवा सोडून दुसरी नोकरी बघतो. म्हणून एंडॉमेंट लागतं, म्हणजे मुद्दल न मोडता गुंतवून ठेवलेला निधी, आणि त्यातूनही साधारण ४-५ टक्केच वर्षाला खर्चायला काढायचे असतात, म्हणजे १०० ठेवले तर हातात ४-५. एवढा मोठा निधी बिननावाने कोण देणार? आणि बायबल नावं लपवत नाही हो! प्रेषितांची कृत्ये ४ मध्ये बर्णबाने शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवले, नावासकट लिहिलंय. नहेम्या ३ वाचा, यरुशलेमचा कोट कोणी कुठे बांधला त्याची अख्खी यादी आहे. नाव लिहिणं म्हणजे कृतज्ञता.

मंडळीतला: बर्णबाचं नाव प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूकने नंतर लिहिलं, बर्णबाने अट घातली नव्हती. आणि नावाच्या मोहात काय होतं त्याचं उदाहरण आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये १८६७ साली ड्रू सेमिनरी सुरू झाली, वॉल स्ट्रीटवरच्या डॅनियल ड्रूच्या नावाने. त्याने निधीसाठी अडीच लाख डॉलरचा शब्द दिला पण मुद्दल कधी हातात दिलंच नाही, फक्त व्याज देत राहिला. १८७६ ला त्याचं दिवाळं वाजलं आणि तो निधी गेला. तेव्हाचे प्रमुख जॉन हर्स्ट यांना दारोदार फिरून पैसे जमवावे लागले. संस्था वाचवली लोकांनी, नाव आजही ड्रूचं.

हिशेबी: हे तर माझ्याच बाजूचं झालं. चूक पाटीची नव्हती, पैसे हातात न घेता शब्दावर विसंबल्याची होती. आणि हर्स्ट यांनी केलं ते फंडरेझिंगच ना, कोणीतरी लाज सोडून मागितलंच.

जुनी_विद्यार्थिनी: मी स्कॉलरशिपवर शिकले, दरवर्षी देणगीदारांना पत्र लिहायचे, मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही, उलट कोणीतरी अनोळखी माणूस आपल्यासाठी प्रार्थना करतोय याचा आधार होता. माझ्या मते नावापेक्षा अट जास्त वाईट. इमारतीला पैसे देणारे मिळतात, शिक्षकांच्या पगाराला आणि लाइटबिलाला मिळत नाहीत, आमच्याकडे नवीन हॉल झाला आणि त्याच वर्षी हिब्रू शिकवायला माणूस नव्हता. दुसरं, देणाऱ्याला न आवडणारं बोललं की पैसा थांबतो ही भीती. लंडनचे प्रसिद्ध उपदेशक स्पर्जन यांचं बघा, पाळकांचं कॉलेज १८५६ ला काढलं, सुरुवातीचा बराच खर्च त्यांच्या छापील उपदेशांच्या विक्रीतून, आणि ते गुलामगिरीविरुद्ध बोलले तशी अमेरिकेतली विक्री पडली. पण ते गप्प नाही बसले! पुढे त्यांच्या मंडळीने (चर्चच्या लोकांनी) कॉलेजसाठी दर आठवड्याचं अर्पण सुरू केलं. हजार लोकांनी थोडं थोडं दिलं की कोणा एकाची भीती राहत नाही. हिशेबी, तुमच्या एंडॉमेंटमध्ये हे बळ नाहीये.

हिशेबी: ताई, आठवड्याचं अर्पण मंदीत निम्म्यावर येतं. स्पर्जनसारखा वक्ता प्रत्येक सेमिनरीला नाही मिळत. मुद्दल असलं की उलट प्रमुखाला कोणा देणाऱ्याला "नाही" म्हणता येतं.

वाटसरू: मंडळीतला, एक अडचण तुमच्या म्हणण्यात आहे. प्रिन्स्टन थिऑलॉजिकल सेमिनरीने स्वतःचा इतिहास तपासला तेव्हा दिसलं की जुन्या देणग्या आणि गुंतवणुकीत गुलामांच्या श्रमाचा पैसा होता, मग २०१९ मध्ये त्यांनी २ कोटी ७६ लाख डॉलर प्रायश्चित्त म्हणून स्कॉलरशिप वगैरेसाठी बाजूला काढले. हे शोधता आलं कारण कोणी दिलं याची नोंद होती. सगळं गुप्त ठेवलं तर नको तो पैसा पण त्याच दाराने आत येईल, आणि कोणी विचारणार पण नाही.

मंडळीतला: हा मुद्दा मान्य, आणि महत्त्वाचा आहे. पण नोंद वहीत असते, भिंतीवर कशाला? हिशेब उघडा ठेवा, कोणालाही बघता येऊ दे, अहवालात सगळ्यांची नावं अकारविल्हे छापा, रक्कम न लिहिता. बायबलमधल्या दोन टोल्या (अगदी छोटी नाणी) टाकणाऱ्या गरीब विधवेसारख्या बाईचं नाव पण त्याच यादीत, त्याच टायपात. येशू अर्पणाच्या पेटीसमोर बसून बघत होता, म्हणजे बघायला हरकत नाहीये, पण त्याने शिष्यांना बोलावून दाखवली ती विधवा, श्रीमंत नाही.

हिशेबी: रक्कमच लिहिली नाही तर वाटसरू म्हणतात तो तपास कसा होणार? रक्कम लिहा, पाटी पण ठेवा, अट तेवढी कोणाची मानू नका. माझं मत तेच आहे.

जुनी_विद्यार्थिनी: अट न मानता पाटी ठेवणारी एक तरी सेमिनरी दाखवा, मग मी तुमच्या बाजूने.