डायलिसिस आणि एएफ: रक्त पातळ करायची गोळी द्यायचीच का?

किडनीपक्ष
एट्रियल फिब्रिलेशन (एएफ: हृदयाचे ठोके अनियमित पडणं, त्यात हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर स्ट्रोक) निघालं की वय, बीपी, शुगर यांचे गुण मोजायचे आणि दोन किंवा जास्त झाले की गोळी सुरू. डायलिसिसच्या रुग्णांत हा हिशेब मला पटत नाही. बीपी नसलेला डायलिसिसचा रुग्ण शोधूनही सापडत नाही, त्यात वय किंवा शुगरचा गुण मिळाला की जवळपास सगळेच पात्र. रक्तस्रावाचा धोका मोजणाऱ्या हॅस-ब्लेडमध्ये किडनीचा एक गुण आधीच पदरात. दोन्ही तराजू सगळ्यांना जड दाखवत असतील तर निवड करायची कशावरून?

शिवाय ज्या चाचण्यांवर डॅबिगॅट्रान, अपिक्साबॅन वगैरे नव्या गोळ्या उभ्या आहेत (२००९ ची री-लाय, २०११ च्या रॉकेट-एएफ आणि अ‍ॅरिस्टॉटल), त्यांनी किडनी फारच मंदावलेल्या रुग्णांना घेतलंच नव्हतं. आणि आपल्या रुग्णाचं रक्त मुळात वेगळं. युरेमियामुळे (रक्तात साठलेल्या टाकाऊ द्रव्यांमुळे) प्लेटलेट्स नीट चिकटत नाहीत, दर सेशनला फिस्टुलात (डायलिसिससाठी हातात जोडलेल्या रक्तवाहिनीत) जाड सुया आणि वर मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपरिन. जुनी गोळी, वॉरफरिन, दिलं तर रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठण्याची भीती. कॅल्सिफिलॅक्सिसच्या (कॅल्शियम साठून त्वचा मरण्याच्या) जखमा ज्यांनी पाहिल्यात ते वॉरफरिन लिहिताना थबकतात.

हृदयपक्ष
तुमचा निम्मा मुद्दा वॉरफरिनविरुद्ध आहे, तो मान्य. पण म्हणून काहीच द्यायचं नाही? अपिक्साबॅनचा साधारण २७ टक्केच भाग किडनीवाटे जातो, डॅबिगॅट्रानचा सुमारे ८०. अमेरिकेतल्या डायलिसिस रुग्णांच्या नोंदींवरच्या २०१८ च्या अभ्यासात (२५ हजारांहून जास्त रुग्ण) वॉरफरिनपेक्षा अपिक्साबॅनवर मोठे रक्तस्राव कमी दिसले. पोटातून रक्त गेलं तर गोळी थांबवता येते, रक्त चढवता येतं. गेलेली वाचा आणि लुळा पडलेला हात परत कोण देणार?

किडनीपक्ष
तुलना वॉरफरिनशी होती. काहीच न देण्याशी नव्हती, आणि माझा प्रश्न नेमका तोच आहे. नोंदींच्या अभ्यासात कोणाला कोणती गोळी का दिली हेही धड कळत नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्या पाहा: अपिक्साबॅनच्या रीनल-एएफमध्ये १५४ रुग्ण, अ‍ॅक्साडियामध्ये ९७. एवढ्यावर कसला निकाल लागणार? आणि रक्तस्राव फक्त पोटात होतो असं थोडंच आहे! मेंदूत झाला तर हात तिथेही लुळाच पडतो.

एका रुग्णाची सून
सासऱ्यांची गोळी तीनदा चालू-बंद झाली. हृदयाचे डॉक्टर सुरू करायचे, सुई काढल्यावर रक्त थांबेना की डायलिसिसवाले बंद करायचे. दोघांचं एकमेकांशी बोलणं झालंय असं काही दिसलं नाही. सासऱ्यांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, अंथरुणाला खिळण्यापेक्षा रक्त गेलेलं परवडलं. ते कुणी विचारलंच नाही.

टेक्निशियन
ताई, हे नेहमीचं. आणखी एक, कुणी लक्षात घेत नाही असं: गोळी सुरू झाली तरी मशीनवरचं हेपरिन पूर्वीइतकंच चालू राहतं. ते कमी करता येतं, काहींचं पूर्ण बंदही. जोडीला जुनी अ‍ॅस्पिरिन असतेच. ती कशासाठी होती हे कागदावरही सापडत नाही.

हृदयपक्ष
अ‍ॅस्पिरिनबद्दल शंभर टक्के. स्टेंट वगैरे ताजं कारण नसेल तर आधी ती काढा, मग माझ्याशी भांडा. हृदयातली गुठळ्या धरणारी पिशवी बंद करायचाही पर्याय आहे, फक्त त्यानंतरही काही काळ गोळ्या लागतात.

किडनीपक्ष
आधी स्ट्रोक होऊन गेलेल्याला मीही अपिक्साबॅन देईन, २.५ मिलिग्रॅम दोनदा. पोटातून वारंवार रक्त जाणाऱ्याला देणार नाही. मधल्यांना, नुसत्या गुणांवर पात्र ठरलेल्यांना, तुम्ही देता आणि मी देत नाही.

टेक्निशियन
देणारच असाल तर डायलिसिसच्या दिवशी सकाळची गोळी आधी की नंतर, हेही लिहून द्या. रुग्ण आम्हाला विचारतात.

हृदयपक्ष
डायलिसिसने अपिक्साबॅन फारसं निघून जात नाही, त्यामुळे वाया जाईल म्हणून थांबायचं कारण नाही. पण सुया निघून रक्त थांबल्यावर घेतलेली मला बरी वाटते.

किडनीपक्ष
यावर मात्र माझी हरकत नाही.