दापोलीची सुट्टी दोन रात्रींतच संपली. पन्नाशीनंतर अचानक माशांची ॲलर्जी होते का?

सांजवेळ

नमस्कार मंडळी. मी ठाण्याची, वय ५६. थोडं सविस्तर लिहिते आहे, कारण नेमकी कुठली गोष्ट महत्त्वाची ते मला कळत नाही.

सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. सप्टेंबरात त्या गेल्या. त्या तीन वर्षांत आम्ही दोघं एकत्र एक रात्रही घराबाहेर राहिलो नव्हतो. लग्नाकार्याला एक गेला की दुसरा घरी. शेवटी मुलीनेच फेब्रुवारीच्या अखेरीस दापोलीजवळ कर्द्याला चार रात्रींचं बुकिंग केलं. एका काकूंचं घर, मागे पोफळी, पुढे दोन मिनिटांवर समुद्र. काही बघायचं नाही, फक्त बसायचं, असं ठरवून निघालो. माणगाव, महाड, कशेडीचा बोगदा, खेड. घरून निघताना ह्यांनी सवयीने औषधांचा डबा तपासायला घेतला आणि मग आठवलं, आता त्यात कुणाच्या गोळ्या भरायच्या नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी वाळूत बसलो. फार बोललो नाही. अंधार पडल्यावर हे म्हणाले, "आईला एकदा इथे आणायला हवं होतं." एवढंच. पण मला वाटलं, आता हा माणूस हळूहळू मोकळा होईल.

शुक्रवारी सकाळी हर्णैच्या बंदरावर गेलो. लिलाव, बैलगाड्या, समोर सुवर्णदुर्ग. माझं बालपण गिरगावातलं, घरी आठवड्यातून चार दिवस मासे. बांगडा माझा जीव की प्राण. सहा बांगडे घेतले, चकचकीत, ताठ. दुपारी काकूंकडे दिले. रात्री त्यांनी चार तळले आणि दोघांचं कालवण केलं. मी तळलेले दोन आणि कालवणातला एक असे तीन खाल्ले. ह्यांनी एकच.

जेवून अर्धा तास झाला नसेल, तोंडावर कुणी तवा धरल्यासारखी आग सुरू झाली. चेहरा, मान, छाती लालबुंद. डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड, मग उलटी आणि जुलाब. मला खरंच वाटलं की हा हार्ट अटॅक आहे. काकूंच्या मुलाने गाडी काढली आणि त्या वळणावळणाच्या रस्त्याने आम्हाला दापोलीत दवाखान्यात पोचवलं. नाडी १२०, बीपी ९० / ६०. ईसीजी चांगला आला. सलाईन, दोन इंजेक्शनं. तासा-दीड तासात लाली उतरली. निदान: माशाची ॲलर्जी. शनिवारी सकाळी सामान भरून परत. उरलेल्या दोन रात्री तशाच राहिल्या.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि वर हेही, की आता जन्मभर मासे बंद, पुढची वेळ जिवावर बेतू शकते. मी गप्प बसले. पण हे जेव्हापासून ऐकलंय तेव्हापासून घशाशी काहीतरी अडकलंय. आईच्या हातची चव मला फक्त माशांतून आठवते, हे कुणाला सांगू?

आणि हे म्हणतात, आता कुठे जायला नको. दवाखान्याच्या बाकावर बसलेला त्यांचा चेहरा मी बघितला आहे, त्यामुळे वाद घालता येत नाही.

तर प्रश्न असे: पन्नास वर्षं खाल्लेल्या माशाची ॲलर्जी एकाएकी होऊ शकते का? त्याची खात्रीची तपासणी असते का? कुणाचा अनुभव?

पोफळीबाग

ताई, वाचून वाईट वाटलं. तीन वर्षांनी मिळालेली सुट्टी अशी जावी. हो, होऊ शकते. माझ्या बहिणीला चाळिशीनंतर कोळंबीची झाली, त्याआधी ती वाटीवाटीने खायची. पहिल्यांदा फक्त ओठ सुजले, दुसऱ्यांदा श्वास लागला. तेव्हापासून कोळंबी घरात शिजत नाही. त्यामुळे तुमचे डॉक्टर उगाच घाबरवताहेत असं समजू नका. तपासणी होईपर्यंत मासा तोंडात घालू नका, एवढं माझं ऐका.

विरंगुळा

त्या दिवशी दूध, दही किंवा खीर काही घेतलं होतं का? मासे आणि दूध एकत्र नको असं आमच्याकडे जुनी माणसं सांगतात.

निवृत्त_फिजिशियन

मी रत्नागिरी जिल्ह्यात पस्तीस वर्षं प्रॅक्टिस केली. ताई, काही सांगण्याआधी मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

पहिली: बांगडे घेतल्यापासून काकूंच्या हातात देईपर्यंत किती तास गेले आणि त्या वेळात ते कुठे होते? दुसरी: खाताना चव वेगळी लागली का? तिसरी: यजमानांना काहीच झालं नाही, हे नक्की का?

सांजवेळ

@विरंगुळा, दूध नव्हतं. सोलकढी होती, ती नारळाच्या दुधाची.

डॉक्टर, तुमचे प्रश्न वाचून मी बराच वेळ फोन हातात धरून बसले.

बांगडे आठच्या सुमारास घेतले. बंदरावरून थेट परतलो नाही. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलो. तिथे छान वारा होता, ह्यांनी कठड्यावर बसून डोळे मिटले, मला उठवावंसं वाटेना. मग खाली गावात जेवलो. कर्द्याला पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. पिशवी डिकीत होती. गाडी उन्हात. बर्फ घेतला नव्हता. म्हणजे साडेपाच तास.

चव. पहिल्याच घासाला जिभेला चुणचुण झाली, मिरी चावल्यासारखी. मला वाटलं काकूंनी तिरफळं घातली असतील. आज त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, तिरफळं आमच्या घरात नसतातच."

आणि ह्यांना आत्ता विचारलं. म्हणाले, त्या रात्री कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, डोकंही दुखत होतं, पण तुझी ती अवस्था बघून झालं असेल असं वाटलं. मला सांगितलंसुद्धा नव्हतं.

निवृत्त_फिजिशियन

हेच ऐकायचं होतं. ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून ही माशाची ॲलर्जी नसण्याची शक्यता बरीच मोठी आहे. ह्याला स्कॉम्ब्रॉइड पॉयझनिंग म्हणतात. बांगडा, सुरमई, कुपा ही एका कुळातली भावंडं, त्या कुळावरूनच हे नाव आलं. तारली कुळाने वेगळी, पण या बाबतीत त्यांच्यातच मोडते.

होतं असं. या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर असतो. मासा मेला की त्याच्या कल्ल्यांतले आणि पोटातले जीवाणू मांसात पसरतात आणि हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. बर्फात हे काम जवळपास थांबतं. उन्हात तापलेल्या डिकीत काही तासांत भरपूर हिस्टामिन तयार होतं. खऱ्या ॲलर्जीत आपलं शरीर स्वतःच हिस्टामिन सोडतं. इथे ते आयतं ताटात आलेलं असतं. दोन्हीकडे रसायन एकच, त्यामुळे लक्षणं इतकी सारखी दिसतात की रात्री दहा वाजता समोर लाल झालेला, बीपी उतरलेला रुग्ण असताना ॲलर्जी म्हणून इंजेक्शन देणं हेच बरोबर होतं. उपचारही बहुतांशी तेच, अँटिहिस्टामिन. त्या डॉक्टरांनी योग्य केलं.

सगळ्यांची फसगत होते ती दोन कारणांनी. असा मासा वासावरून, रंगावरून कळत नाही. आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून, उकळून किंवा नंतर फ्रीजमध्ये ठेवून जात नाही. काकूंनी दुपारी फ्रीजमध्ये ठेवले असले तरी उशीर झालेला होता. जिभेची चुणचुण ही जुनी खूण आहे, पण ती प्रत्येकाला जाणवतेच असं नाही. हिस्टामिन माशात सगळीकडे सारखं नसतं, म्हणून एका ताटातल्या दोघांना वेगवेगळा त्रास होतो. तुम्ही तीन खाल्ले, यजमानांनी एक. त्यांच्या कानाच्या पाळ्या माझ्या मते सगळ्यांत मोठा पुरावा. दोन माणसांना एकाच रात्री नवी ॲलर्जी उपटत नाही.

आता महत्त्वाचं. मी तुम्हाला तपासलेलं नाही. तुमचे डॉक्टर सावध आहेत ते ठीकच आहे, पण त्यांना डिकीची गोष्ट माहीत नसणार. ती सांगा आणि ॲलर्जीतज्ज्ञाकडे जा. माशांची स्किन प्रिक टेस्ट असते. ती निगेटिव्ह आली तर बहुधा ते त्यांच्या देखरेखीखाली ताजा मासा खायला देतील. तोवर @पोफळीबाग म्हणताहेत तसं मासे बंद. त्यांच्या बहिणीची गोष्ट मात्र वेगळी, ती खरी ॲलर्जी दिसते, तिने पथ्य सोडू नये.

वाचणाऱ्यांसाठी आणखी एक. घरात कुणाला टीबीसाठी आयसोनियाझिड चालू असेल तर जास्त जपा. त्या औषधाने शरीरातलं हिस्टामिन मोडण्याचं काम मंदावतं, आणि थोड्या खराब माशानेही मोठा त्रास होतो. हृदयविकार असलेल्यांनाही हा झटका जड जाऊ शकतो.

होडीवरची_पोर

मी कोळ्याची मुलगी, नोकरीसाठी पुण्यात. ताई, तुम्ही स्वतःला दोष लावून घेऊ नका. बंदरावर मासा इतका ताजा दिसतो की बर्फाची गरज कुणाला वाटतच नाही. पर्यटक पिशवी हलवत किल्ला बघायला जातात, हे मी लहानपणापासून बघते. माझी आय पाटीवरून उठून ओरडायची, "बर्फ घेऊन जा रे!" लोकांना वाटायचं, बाई आणखी पैसे काढतेय.

बांगडा उचलून बघा. डोकं धरलं की शेपूट ताठ राहिली पाहिजे. डोळा फुगीर, कल्ले लाल, बोटाने दाबलं तर खळगा राहता कामा नये. पण डॉक्टरांनी सांगितलं तेच खरं, घेताना चांगला होता याचा अर्थ तासाभराने चांगला असेल असा नाही. थर्माकोलचा झाकणाचा डबा गाडीत ठेवा. खाली बर्फ, वर मासे, परत बर्फ. नुसता वर भुगा भुरभुरवून काही होत नाही. आणि शक्य असेल तर तिथेच कल्ले आणि पोट काढून घ्या. आमच्या घरात बांगडा, तारली आली की बाकी कामं बाजूला. आय म्हणते, पापलेट तुमची वाट बघेल, बांगडा बघणार नाही.

फिरायचं असेल तर मासे शेवटी घ्या. हर्णैला संध्याकाळीही लिलाव असतो.

पोफळीबाग

डॉक्टर, बहिणीला वाचून दाखवलं. आणि मी स्वतः आठवड्याला बाजारातून बांगडे आणून दुचाकीला पिशवी टांगून भाजी, किराणा, बँक असं सगळं उरकत फिरते. आजपासून बंद.

सांजवेळ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफ करा.

ॲलर्जीतज्ज्ञांकडे जाऊन आले. डिकी, चुणचुण, ह्यांचे कान, सगळं एका कागदावर लिहून नेलं होतं. त्यांनी तो शांतपणे दोनदा वाचला. स्किन टेस्ट निगेटिव्ह. मग पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडेच थोडा थोडा करत बांगडा खायला दिला आणि दोन तास बसवून ठेवलं. पहिला तुकडा नखाएवढा होता. मी डोळे मिटून खाल्ला आणि चेहऱ्यावर हात ठेवून बसले. काही झालं नाही. नर्सबाईंना वाटलं मला त्रास होतोय, कारण मी रडत होते.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला. त्यांनी माझ्या फाइलवर लिहिलेली ओळ खोडली आणि नवीन लिहिली.

ह्यांच्याबद्दल. मी काहीच बोलले नव्हते. तुमचा प्रतिसाद मात्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला होता, डॉक्टर. त्या रात्री ते म्हणाले, "मी गणपतीला डोळे मिटून बसलो म्हणून उशीर झाला." महिनाभर मनात हे ठेवलं होतं त्यांनी. सासूबाईंच्या वेळीही असंच, प्रत्येक गोष्टीत आपलं काय चुकलं तेवढंच शोधायचं. मी म्हटलं, तीन वर्षांत तुम्ही पहिल्यांदा तसे निवांत बसला होता, मला तो तासभर परत द्यायचा नाहीये. मग बराच वेळ आम्ही दोघंही जागे होतो.

काकूंनी उरलेल्या दोन रात्रींचे पैसे परत पाठवले होते, ते आम्ही पुन्हा त्यांना पाठवले. पाडवा झाला की जातोय. तारीख ह्यांनी ठरवली.

@होडीवरची_पोर, डबा केवढा घेऊ? दोन माणसांचे मासे आणि वाटेत आंजर्लं आहेच.

होडीवरची_पोर

पाच किलोचा पुरे. बर्फ बंदरावरच घ्या, लादी फोडून देतात. आणि आंजर्ल्याला आधी जा ताई, काकांना हवं तेवढं बसू दे. मासे परत येताना.