मदत हवी: खडीच्या ढिगाचं कॅमेऱ्याचं माप काट्याशी जुळत नाही

क्रशर_हिशोब: मंडळी, लवकर सांगा, सोमवारी बँकेला स्टॉक स्टेटमेंट द्यायचंय. २० एमएम खडीच्या ढिगाचे मोबाईलने चोहोबाजूंनी फोटो काढून वेबओडीएममध्ये (फोटोंवरून थ्रीडी मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर) टाकले. घनफळ आलं १,९५० घनमीटर. आम्ही घनमीटरला दीड टन धरून गुणतो, म्हणजे २,९२५ टन. वजनकाट्याच्या नोंदीप्रमाणे शिल्लक २,५५० टनच हवी. पावणेचारशे टन जास्तीचे आले कुठून? टेप लावली तर दोन माणसांचे दोन आकडे. कोणतं सॉफ्टवेअर बरोबर मोजतं, तेवढंच सांगा.

मोजणीवाला: सॉफ्टवेअरचं नंतर बघू. ढीग कन्व्हेअर पट्ट्याखालचा की लोडरनं रचलेला? भिंतीला टेकलाय का? उंची किती? आणि स्केल, म्हणजे मॉडेलला खरं माप कळण्यासाठी मोजलेलं अंतर, कुठून दिलं?

ड्रोनप्रेमी_नगर: खालून फोटो काढून काही होत नाही. ड्रोन घ्या. २५० ग्रॅमच्या आतल्या नॅनो ड्रोनला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. पुढे-मागे ८० टक्के आणि बाजूला ७० टक्के ओव्हरलॅप (एका फोटोतला भाग पुढच्यातही येणं) ठेवून उडवा, काम पंधरा मिनिटांचं.

टोटल_स्टेशन: क्रशरच्या धुळीत आणि वाऱ्यात २५० ग्रॅमचा ड्रोन? सर्व्हेअर बोलवा. बँक आणि तहसीलदार दोघंही त्याच्या सहीवर विश्वास ठेवतात.

ड्रोनप्रेमी_नगर: सर्व्हेअर ढिगावर चढून किती पॉइंट घेणार? पन्नास? फोटोतून लाखो मिळतात.

टोटल_स्टेशन: लाखो चुकीचे पॉइंट घेऊन काय करायचं?

क्रशर_हिशोब: भांडू नका हो. कन्व्हेअरखालचा आहे, गोल, व्यास साधारण २७ मीटर, उंची दहाच्या आसपास. भिंत नाही. स्केल दिलं नाही, मोबाईलचं जीपीएस चालू होतं, सॉफ्टवेअरनं आपोआप घेतलं.

मोजणीवाला: हे आधी सांगायला हवं होतं. मोबाईलचं जीपीएस सहज तीन-चार मीटर चुकतं, त्यावरून २७ मीटरच्या ढिगाचं स्केल ठरलंय. लांबीत दोन टक्के चूक झाली की घनफळात सहा टक्के होते, कारण तिन्ही बाजूंना ती गुणली जाते. कन्व्हेअरच्या दोन खांबांमधलं अंतर टेपनं घ्या आणि तेच मॉडेलमध्ये मोजा.

साखर_पट्टा: आमच्या कारखान्यात बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) यार्डावर खांबाला कॅमेरे लावून टाकलेत, रोज आकडा येतो. तुम्हीही तसंच करा, महिनाअखेरची धावपळ संपेल.

टोटल_स्टेशन: बगॅस आणि खडी एक आहे का? क्रशरवर आठवड्यात लेन्सवर डस्टचा थर बसेल.

कायदा_वाचा: २०२१ च्या सुधारित एमसीडीआर (खनिज संवर्धन आणि विकास) नियमांत ५० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या खाणींना दरवर्षी ड्रोन सर्व्हे सक्तीचा केलाय. लीज किती हेक्टरची आहे?

मोजणीवाला: तो नियम मोठ्या खनिजांसाठी आहे. दगडाची खाण गौण खनिजात येते. इथे प्रश्न ढिगाचा आहे.

लॅबवाली: दीड हा आकडा कुणी दिला? आयएस २३८६ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात रीत आहे, १५ लिटरचं भांडं लागतं. नसेल तर मोठी बादली आधी पाणी भरून तोला, एक किलो म्हणजे एक लिटर. मग खडी सैल भरून, न ठोकता, तोला. ढिगात माल सैलच पडलेला असतो. दीड धरलं आणि खरं १.४ निघालं, तर इथेच दोनशे टनांचा फरक पडतो.

क्रशर_हिशोब: बादलीनं १.४२ आलं. खांबांचं अंतर टेपवर १८ मीटर, मॉडेलमध्ये १८.४. आता?

मोजणीवाला: १८.४ भागिले १८, त्याचा घन १.०६८. १,९५० ला त्यानं भागा, १,८२६ येतात. गुणिले १.४२ म्हणजे २,५९३ टन. काट्याशी ४३ टनांचाच फरक राहिला.

टोटल_स्टेशन: एवढ्यात खूश होऊ नका. ढिगाखालचा तळ कसा धरला? जमिनीवर जुन्या डस्टचा थर असेल आणि सॉफ्टवेअरनं तळ २० सेंमी खाली पकडला असेल, तर आणखी सुमारे ११५ घनमीटर वजा होतील. मग तुम्ही काट्यापेक्षा सव्वाशे टनांनी खाली जाल.

मोजणीवाला: हे मात्र बरोबर आहे. तळ एका सपाट पातळीवर धरू नका, ढिगाच्या कडेभोवती पॉइंट घेऊन तो बसवा. आणि खालून काढलेल्या फोटोंत दहा मीटरवरचा माथा दिसतच नाही, सॉफ्टवेअर तिथे अंदाज भरतं. कन्व्हेअरच्या कॅटवॉकवरून (पट्ट्याशेजारच्या चालायच्या वाटेवरून) काही फोटो घ्या, पट्टा बंद असतानाच.

क्रशर_हिशोब: रविवारी प्लांट बंद असतो, तेव्हा कडेला चुन्याच्या खुणा करून परत काढतो. पण बँकेला कोणता आकडा देऊ?

लॅबवाली: काट्याचा आणि कॅमेऱ्याचा, या दोन आकड्यांपैकी कमी असेल तो. स्टॉक जास्त दाखवून ड्रॉइंग पॉवर (स्टॉकवर उचलता येणाऱ्या कर्जाची मर्यादा) वाढवली आणि बँकेनं तपासणीला माणूस पाठवला, तर तुम्हालाच जड जाईल.

साखर_पट्टा: क्रश सँडलाही (दगड फोडून केलेल्या वाळूलाही) हीच रीत चालेल का?

लॅबवाली: ओल आधी बघा. पाच टक्क्यांच्या आसपास पाणी असेल तर वाळू वीस-पंचवीस टक्के फुगते. कॅमेरा फुगलेलाच ढीग मोजणार, म्हणून बादलीचं वजन त्याच दिवशी, त्याच ढिगातल्या ओल्या मालाचं घ्यायचं.