धागा : घरच्या ग्रुपवर राजकारण शिरलं तेव्हा तुम्ही काय केलंत?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकतीस जण आहेत. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि बाबा एका बाजूला, धाकटे काका दुसऱ्या. दोघंही साधे मतदार, पण पहाटेपासून एकमेकांवर फॉरवर्डचा मारा. एका रात्री काकांनी ग्रुप सोडला. त्या दिवाळीला फराळाचा डबा त्यांच्याकडे गेला, बाबा गेले नाहीत. बातमी खोटी असल्याच्या लिंका मी बाबांना पाठवत राहिले, त्यानं ते जास्तच दुखावले. तुमच्या घरी काय घडलं ते लिहा. पक्षाचं नाव नको.

*

माझं आजोळ साक्री तालुक्यात. १ जुलै २०१८ ला राईनपाड्याच्या आठवडी बाजारात मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं मुलं पळवणारे समजून पकडलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. भिक्षेवर जगणारी माणसं होती ती. मुलं पळवणारी टोळी आल्याचा मेसेज माझ्या मामानंही 'काळजीपोटी' पुढे पाठवला होता. त्या काळात देशभर फिरणारा एक व्हिडिओ तर कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा होता, शेवटचा खुलासा कापलेला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा जाहीर केली. मामानं मात्र तेव्हापासून एकही मेसेज पुढे पाठवलेला नाही. काही सांगायचं असलं की फोन करतो. त्याला कुणी बोललं नाही, पण बाजाराच्या दिवशी तो अजून गप्प असतो.

*

इथे मी थोडं वेगळं लिहितो. आमच्या भावकीच्या ग्रुपवर 'राजकारण नको' असा नियम आहे आणि मला तो मुळीच पटत नाही. आमचं गाव माणदेशात. २०२४ च्या उन्हाळ्यात वस्तीवर आठ दिवस टँकर आला नाही, म्हणून वहिनीनं रिकाम्या पिंपांचा फोटो टाकला. ॲडमिननं तो खोडला. नेत्यांच्या वाढदिवसाचे बॅनर चालतात, पाण्याबद्दल बोललं की राजकारण! वहिनीनं पुन्हा टाकला, मग आम्ही सहा जणांनी टाकला. घरात वाद होऊ द्यावा. जेवायला एकत्र बसायचं सोडू नये, एवढंच.

*

मी न्यू जर्सीत, आईबाबा सांगलीत. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धरण फुटल्याचा एक आवाजी मेसेज आला आणि मी रडत रडत तो चार ग्रुपवर टाकला. खोटा होता. आईला त्या अंधारात शेजाऱ्यांकडून तोच ऐकू आला, म्हणजे कदाचित माझ्याकडूनच फिरून. होडी मिळाली तीही एका ग्रुपमुळेच, म्हणून ग्रुपला सरसकट वाईट म्हणवत नाही. आता काहीही आलं की मी विचारते, "तुला कुणी पाठवलं? आणि त्यांना?" दुसऱ्या-तिसऱ्या माणसाशी उत्तर संपतं. खोटं म्हटलं की माणूस चिडतो, कुणी पाठवलं विचारलं की आठवायला लागतो.

*

आमची आजी ८१ वर्षांची. दोन बाणांची खूण दिसली की म्हणते, "हे लई हातांतनं आलंय, उष्टं आहे." आम्हा नातवंडांना वेगळं शिकवावं लागलं नाही.

*

धागा मीच काढलाय, म्हणून परत लिहिते. सांगलीच्या ताईंचा प्रश्न काल बाबांना विचारला. मेसेज डेपोतल्या जुन्या जोडीदाराचा होता. बाबांनी त्यांना फोन लावला, तर त्यांनी तो पूर्ण वाचलाही नव्हता. मग पाऊण तास दोघं गुडघेदुखीवर बोलले. बाबांनी मेसेज खोटा आहे असं कबूल केलं नाही, मीही ताणलं नाही. काकांना ग्रुपवर परत घ्यायचं अजून कुणी बोललेलं नाही. यंदा गौरी त्यांच्याकडे आहेत. संध्याकाळी बाबांनी एवढंच विचारलं, "जेवणाच्या दिवशी सकाळची गाडी कितीची असते गं?"