सुरक्षा की सुरक्षितता? एका दाराची अडचण

— कारखान्याच्या नियमपुस्तिकेचं भाषांतर करतेय. एकाच पानावर दोन वाक्यं आहेत. 'सेफ्टी'साठी मागचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. 'सिक्युरिटी'साठी तेच दार बाहेरून उघडता कामा नये. मी दोन्हीकडे 'सुरक्षेसाठी' लिहिलं. तपासणाऱ्यांनी पान परत पाठवलं: दार उघडायचं की बंद ठेवायचं ते एकदा ठरवा. सेफ्टीला 'सुरक्षितता' आणि सिक्युरिटीला 'सुरक्षा' केलं तर चालेल?

— चालेल. भेद ओळखायची खूण मराठीतच आहे: अपघात टाळायचा ती सेफ्टी, घातपात टाळायचा ती सिक्युरिटी. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थाही हे दोन विषय असेच वेगळे ठेवते. जर्मनमध्ये मात्र दोन्हींना 'झिशरहाइट' हा एकच शब्द, तेव्हा कमीपणा वाटून घेऊ नका.

— मला हे पटत नाही. दोन्ही शब्द 'रक्ष्' धातूचे. सुरक्षा ही राखण्याची क्रिया, सुरक्षितता ही धोका नसल्याची अवस्था. ही आपली वाटणी मोडून इंग्रजीच्या खाचेत शब्द का कोंबायचे?

— मुळाशी जाऊ या. 'सिक्युअर' लॅटिन 'सेकुरुस'वरून: 'से' म्हणजे विना, 'कुरा' म्हणजे काळजी. थेट आपला 'निर्धास्त'! आणि 'सेफ'चं मूळ 'साल्वुस', म्हणजे धड, अखंड. संस्कृत 'सर्व' त्याचाच भाऊबंद. म्हणून सेफ म्हणजे सुखरूप. प्रवासाहून आल्यावर आपण 'सुखरूप पोचलो' म्हणतो, 'सुरक्षित पोचलो' कोण म्हणतं?

— अहो, व्युत्पत्तीवरून पाटी रंगवता येत नाही. मी बॉयलरवर काम केलंय. तिथे सगळे 'सेफ्टी वाल्व्ह'च म्हणायचे. पाटीवर मात्र 'सुरक्षा झडप'. नवीन आलेल्या पोराला ती कुठली, हे हात धरून दाखवावं लागलं. जीवाशी गाठ असते तिथे कानावरचा शब्दच हवा.

— असं म्हणत गेलो तर उद्या 'राखण'ही जाईल.

— ती नाही जायची, 'राखणे' रोजच्या बोलण्यात आहे. पण खूप दिवस एक मनात आहे. 'रक्षा' म्हणजे रक्षण आणि 'रक्षा' म्हणजे राखही, हे कसं? माझी आजी बियाणं राखेत घोळून ठेवायची, कीड लागू नये म्हणून. राख राखते, म्हणून ती राख?

— की दोन वेगळे शब्द झिजून एकसारखे झाले? प्राकृत जाणणाऱ्यांनी सांगा.

— आणि माझं दार?