आईकडची पितळी भांडी वापरात आणायची आहेत – खरी कल्हई कशी ओळखायची, आणि कशात काय शिजवायचं?

सायली_ठाणे

नमस्कार मंडळी,

आईनं सातारा जिल्ह्यातलं गावचं घर आवरायला घेतलंय. माळ्यावरून निघालेली भांडी अशी: दोन पितळी पातेली, झाकणासकट एक मोठं तपेलं, एक लंगडी (पसरट, उथळ पातेलं), जाड बुडाची कढई, परात, आणि तांब्याचे बंब-घंगाळ. भंगारवाला ताजवा घेऊनच आला होता. मी आडवी पडले आणि सगळं टेम्पोत घालून ठाण्याला आणलं. लंगडीच्या काठावर पणजीचं नाव कोरलेलं आहे, ते किलोच्या भावानं जाऊ द्यायचं मला जमलं नसतं.

ही भांडी मला शोकेसमध्ये ठेवायची नाहीत, रोज वापरायची आहेत. आमच्या सोसायटीत एक कल्हईवाला, म्हणजे भांड्याला आतून कथलाचा थर देणारा, फिरत आला, त्याच्याकडून दोन पातेली करून घेतली. भाव फारच कमी सांगितला होता. करून दिली तेव्हा चकचकीत होती. महिनाभरात आतून राखाडी झाली आणि एकाच्या तळाला रुपयाएवढा पिवळा डाग दिसायला लागला. परवा त्यात कढी केली, जेवणं व्हायला उशीर झाला, आणि वाढली तेव्हा कळकलेली, म्हणजे भांड्याच्या धातूची चव उतरलेली, लागली. सगळी ओतून दिली.

आता प्रश्न. कल्हई इतक्या लवकर जाते का? त्या माणसानं वापरलेलं कथील खरं होतं की दुसरंच काही, हे कसं कळायचं? कुठल्या भांड्यात काय करावं, काय करू नये?

आणि शेवटचं, पण माझ्या डोक्यात सगळ्यात जास्त घोळणारं: माझी मुलगी नऊ महिन्यांची आहे. तिला वरचं दूध थोडं थोडं सुरू करायचं चाललंय. सासूबाईंचं म्हणणं, दूध पितळेच्या पातेल्यात तापवलेलं उत्तम, त्यांच्याकडे तसंच असायचं. मला धीर होत नाही, पण नाही म्हणायला कारणही ठाऊक नाही.

गोडा_मसाला

आमच्याकडे पितळी पातेल्यात आठवड्यातून चार-पाच वेळा भात आणि वरण होतं. भात बुडाशी लागत नाही, वरण खूप वेळ गरम राहतं. आमटीसुद्धा करते, पण कल्हई ताजी असेल तरच, आणि झाली की लगेच स्टीलच्या भांड्यात काढून घेते. रात्रभर त्यात काहीही ठेवत नाही. फोडणी वेगळ्या लोखंडी पळीत करून वरून ओतते. पातेल्यात तेल तापवून मोहरी तडतडवायला गेलीस तर कल्हईचे थेंब जमा होतात, आमच्या मावशींनी एकदा तसं केलं होतं.

तांबट_आळी

सायली, आमचं घर पुण्यातलं, कसब्यातल्या तांबट आळीतलं. वडील आणि काका ठोक्याचं काम करायचे, कल्हईची भट्टीही घरीच होती. मी पुढे नोकरीत गेलो, पण शाळा सुटल्यावर भाता मारायचं काम माझ्याकडे असायचं. त्यामुळे हातानं केलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच सांगतो.

आधी तुझी एक भीती काढून टाकतो. कल्हई राखाडी पडते ती पडतेच. नवेपणाची चमक थोड्या दिवसांत जाते, त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते खालचं पितळ दिसायला लागलं की. तुझ्या पातेल्यातला पिवळा डाग म्हणजे तिथं कथील धरलंच नव्हतं. कथील फक्त स्वच्छ धातूला चिकटतं. कुठं तेलकटपणा किंवा जुना काळा थर राहिला असेल तर त्यावरून कथील नुसतं फिरतं, वरवर झाकल्यासारखं दिसतं आणि घासताना निघून येतं. म्हणजे त्या माणसानं भांडं नीट घासलं नव्हतं.

नीट काम कसं होतं ते एकदा समोर उभं राहून बघच. भांडं आधी वाळूनं आणि पातळ तेजाबानं घासून लख्ख करतात. पूर्वी कल्हईवाले मोठ्या भांड्यात पाय ठेवून, चिंधी आणि वाळू घेऊन गोल गोल फिरायचे, ते ह्याचसाठी. मग पकडीत धरून निखाऱ्यावर सगळीकडून सारखं तापवायचं. तापलं की कापसाच्या बोळ्यानं नवसागराची पूड आत फिरवायची. भसकन पांढरा धूर होतो, नाकात झणका जातो. नवसागरानं उरलासुरला काळेपणा निघून जातो. त्याच क्षणी कथलाची कांडी भांड्याला नुसती टेकवायची. ताप बरोबर असेल तर कांडी टेकताक्षणी वितळते, आणि कापसाचा एक फेर मारला की ती जागा आरशासारखी होते. मग दुसरा फेर, तिसरा, काठापर्यंत. हात थांबला की तिथं गोळा बसतो. शेवटी पाण्यात बुडवायचं. आमचे काका बोलत असले तरी ह्या एवढ्या वेळात गप्प व्हायचे.

आता खरं-खोटं. कथील तांब्यापेक्षाही कितीतरी महाग आहे. कुणी फारच स्वस्तात कल्हई करून देत असेल तर पहिला प्रश्न कांडीचाच विचारायचा. कथलात शिसं मिसळलं की स्वस्त पडतं आणि कमी तापावर वितळतं, म्हणून काम सोपं होतं. वायरी जोडायच्या सोल्डरमध्ये हेच दोन धातू असायचे. भांड्याला ते लावणं हा गुन्हाच समजावा, कारण शिसं पोटात जातं आणि लहान मुलांच्या मेंदूला सगळ्यात जास्त इजा करतं.

कांडी हातात मागून घे. कानाजवळ धरून हळूच वाकव. शुद्ध कथील वाकताना आतून करकर आवाज करतं, बारीक पण स्पष्ट. शिसं जास्त असेल तर आवाज येत नाही. मग तीच कांडी पांढऱ्या कागदावर दाबून ओढ. शिसं असेल तर काळसर रेघ उठते. ह्या दोन गोष्टींनी थोडीशी भेसळ पकडता येणार नाही, पण उघड लबाडी कळते. चांगला कारागीर कांडी दाखवायला कधी का-कू करत नाही. वडील तर गिऱ्हाइकाला स्वतःहून वाकवून ऐकवायचे.

तुझ्या त्या दोन पातेल्यांत काय लावलंय हे आता बघून सांगता येणार नाही. त्यात काही शिजवू नकोस. दुसऱ्या माणसाकडे दे, जुनी कल्हई तापवून पूर्ण पुसून काढायला सांग आणि नव्यानं करून घे. घरी आणल्यावर पाणी उकळून एकदा ओतून दे, नवसागराचा अंश निघून जातो.

गोडा_मसाला ताईंनी फोडणीचं सांगितलं ते अगदी खरं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. भात, वरण, आमटी ह्यात पाणी असतं तोवर भांडं शंभराच्या फार वर जात नाही. तेल धुरावायला लागलं की मात्र ताप त्या आकड्याच्या जवळ पोचतो. रिकामं भांडं गॅसवर विसरलं तर संपलंच. रवा भाजणं, शेंगदाणे भाजणं, तळण, हे तुझ्या पितळी कढईत कल्हई करून करायचंच नाही.

घासायला तारेची घासणी नको. आतून मऊ घासणी, बाहेरून चिंच किंवा लिंबू-मीठ चालेल. ढवळायला लाकडी डाव घे. असं सांभाळलंस तर कल्हई किती टिकेल हे वापरावर आहे, पण दिवस मोजत बसण्यापेक्षा दर आठवड्याला उजेडात धरून तळ बघ. पिवळं दिसलं की थांबायचं.

बंब आणि घंगाळ अंघोळीच्या पाण्याचं. त्यांना कल्हईची गरज नाही. परातही कणीक मळायला तशीच वापर, मळून झाली की कणीक काढून लगेच धू.

बालरोग_निवृत्त

दुधाबद्दल मी लिहिते, कारण हा विषय मी वॉर्डात पाहिलेला आहे.

मी बालरोगतज्ज्ञ, काही वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आम्ही शिकत होतो तेव्हा वर्ष-दोन वर्षांची मुलं पोट फुगून यायची. पोटाला हात लावला की यकृत टणक लागायचं, त्याची कडा धारदार. त्या आजाराचं नाव इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस. बहुतेक मुलं हातची जायची. घरात आधीचं एखादं मूलही तसंच गेलेलं असायचं, आई ते आमच्याकडे न बघता सांगायची.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर ह्यावर काम केलं. ह्या मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड साठलेलं असायचं. त्यांना लहानपणीच वरचं दूध सुरू झालेलं असायचं, आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं किंवा ठेवलेलं असायचं. १९८३ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. दूध आंबट नसतं, म्हणून लोकांना खरं वाटत नाही. पण दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं. त्याच भांड्यात पाणी ठेवलं तर तांबं फारसं उतरत नाही, दूध ठेवलं तर उतरतं. आणि तान्ह्या मुलाचं यकृत ते बाहेर टाकायला अजून तयार झालेलं नसतं.

पितळी भांड्यात दूध तापवलं म्हणून प्रत्येक मुलाला हा आजार होत नव्हता, काही मुलांत जन्मजात कल असावा असं मानलं जातं. पण कुठल्या मुलात तो कल आहे हे आधी कोण सांगणार? घराघरांत स्टीलची पातेली आली, स्तनपानावर भर दिला गेला, आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. माझ्या नोकरीच्या शेवटच्या काळातल्या निवासी डॉक्टरांनी तो पाहिलेलाच नव्हता. मला आयुष्यात ह्याहून मोठं समाधान फार थोड्या गोष्टींनी दिलंय.

तेव्हा सायली, बाळाचं दूध स्टीलमध्येच. कल्हई उत्तम असली तरीसुद्धा, कारण ती कुठं विरली हे रोज कुणी बघत नाही. आणि वर्षाच्या आत गाईचं किंवा म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून देऊ नका, अंगावरचं दूध चालू ठेवा, बाकी तुमच्या डॉक्टरांशी बोला. सासूबाईंना हे सगळं शांतपणे सांगा. त्यांच्या काळी कल्हईवाला दारावर यायचा, भांडी वेळच्या वेळी व्हायची. त्यांचा अनुभव खोटा नाही.

कोथरूडकर

एवढा खटाटोप कशासाठी? स्टील आहे, काच आहे. शिवाय इंडक्शन शेगडी असेल तर पितळ तापणारच नाही. १९५५ च्या अन्न भेसळ प्रतिबंध नियमांतसुद्धा नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना अन्नासाठी मनाई होती. वारस भांडी म्हणून जपा, शिजवायला का?

तांबट_आळी

नियम बरोबरच आहे, आणि तो कल्हई नसलेल्या भांड्यांसाठी आहे. पण भांडी कपाटात गेली की कल्हई करणारा हात पोट कशावर भरणार? आमच्या आळीत पूर्वी सकाळपासून ठोक्यांचा आवाज असायचा, आता मोजकी घरं राहिलीत. तांब्याच्या शोभेच्या वस्तूंवर मठारकाम (हातोडीच्या ठोक्यांची नक्षी) करून काही जण टिकले आहेत, त्यांचं कौतुकच आहे. कल्हईला मात्र रोज शिजणारी आमटीच लागते. सायली गॅसवर करणार असेल, दूध वगळणार असेल आणि तळ बघत राहणार असेल, तर तिनं ही भांडी जरूर वापरावीत.

सायली_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर ताईंचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, त्यांच्या नणंदेचं एक मूल असंच पोट फुगून गेलं होतं, कारण कुणालाच कळलं नव्हतं. दुधाचं पातेलं स्टीलचं, हे आता त्यांनीच ठरवलंय.

पुढच्या आठवड्यात पुण्याला येतेय. दोन्ही पातेली, तपेलं आणि लंगडी घेऊन येईन, कांडी वाकवून ऐकणारच आहे. कोथरूडकर, आमच्याकडे गॅसच आहे. कढई सध्या तशीच ठेवते.

काका, एक राहिलं. डब्यात चार काशाच्या वाट्याही निघाल्यात, त्यांनाही कल्हई लागते का?

तांबट_आळी

नाही. काशात तांब्याबरोबर कथील आधीच असतं, साधारण पाचातला एक भाग, म्हणून ते पितळेइतकं लवकर कळकत नाही. जेवायला बिनधास्त घे, आंबट मात्र वाढल्यावर तासन् तास त्यात ठेवू नकोस. आणि टेम्पोत टाकल्यात तशा मोकळ्या आणू नकोस, प्रत्येक वाटी वेगळ्या फडक्यात गुंडाळ. पितळेला पोचा पडतो, तो ठोकून काढता येतो. कासं तडकतं. येण्याआधी वाट्या एकेक करून बोटावर टांगून चमच्यानं वाजवून बघ. जिचा आवाज बद्द येईल तिला बारीक चीर गेलेली असेल, ती बाजूला काढ.